जहाज लहान, प्रश्न मोठे

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या बंगळूर नगरीला समुद्र नाही. चेन्नई असो वा मंगळूर, बंदर गाठावयाचे तर साडेतीनशे किलोमीटरांची वाट तुडवावी लागते. तरीही जलपर्यटनाची ओढ या शहराला नाही, असे म्हणता येणार नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स, टेलिफोन कारखाना, बँका आणि अलीकडे संगणक उद्योग यांच्या निमित्ताने येथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आज निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत वा तो ओलांडून गेली आहेत. मुले परदेशी आहेत, हाती थोडा निवांत वेळ आहे आणि आयुष्यभराच्या काटकसरीतून उरलेली शिल्लक आहे. अशा घरांतून आता अलास्काचे हिमनग, नॉर्वेचे फियोर्ड, डॅन्यूबचे काठ किंवा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेचे पात्र पाहण्याचे बेत आखले जातात. तीन-चार हजार माणसांच्या तरंगत्या शहरापेक्षा पन्नास-शंभर प्रवाशांचे, टुमदार आणि महागडे जहाज बरे, असा कौल या मंडळींकडून पुष्कळदा मिळतो.

या पसंतीत वावगे काही नाही. लहान जहाज मोठ्या जहाजाला न पेलणाऱ्या खाडीत शिरते, गावाच्या अगदी घाटाला लागते. जेवणघरात रांग नसते आणि सेवकवर्ग दोन दिवसांत आपल्याला नावाने ओळखू लागतो. प्रस्तुत लेखाचा रोख या आनंदावर मुळीच नाही. रोख आहे तो तिकीट काढण्यापूर्वी विचारल्या जाणाऱ्या, आणि त्याहूनही अधिक न विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांवर.

विचारले जाणारे प्रश्न

जलपर्यटनाच्या परिचय-कार्यक्रमात साधारणतः कोणते प्रश्न येतात? शाकाहारी जेवण मिळेल का? कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांची सोय काय? बोट लागली तर गोळी कोणती घ्यावी? केबिनला खिडकी आहे की बाल्कनी? एकट्याने जाणाऱ्या व्यक्तीला दोघांचे भाडे भरावे लागेल का? बक्षिशी भाड्यात धरली आहे की वेगळी? उद्‍वाहक आहे का, कारण गुडघे कुरकुरतात?

हे सारे प्रश्न योग्यच आहेत आणि ते विचारताना संकोच बाळगण्याचे कारण नाही. विशेषतः शेवटचा. लहान जहाजांपैकी अनेकांना उद्‍वाहक नसतो. किनाऱ्यावर उतरताना पुष्कळदा रबरी होडीत पाय टाकावा लागतो किंवा अरुंद फळीवरून चालावे लागते. एकट्या प्रवाशाला जादा भाडे लावण्याचा प्रघात जगभर आहे. पती किंवा पत्नी गमावलेल्या ज्येष्ठांना तो फार जाचतो, आणि म्हणून तो आधीच स्पष्ट करून घेतलेला बरा.

परंतु या यादीत एक प्रश्न क्वचितच असतो. प्रवासाला दहा-बारा महिने अवकाश असताना आपण जी रक्कम भरतो, ती त्या काळात कोठे असते आणि जहाज सुटलेच नाही तर ती कोण परत करणार?

आगाऊ भाडे म्हणजे कर्जच

बँकेच्या ग्राहकाला आणि कर्मचाऱ्याला हा मुद्दा समजावयास कठीण जाऊ नये. कोणी आपल्याकडून पाच-दहा लाख रुपये आज घेतो आणि वर्षाने त्याच्या मोबदल्यात सेवा देण्याचे वचन देतो, तेव्हा मधल्या काळापुरते आपण धनको असतो आणि तो ऋणको. हे कर्ज बिनव्याजी असते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे विनातारण असते.

आपल्याच बँकेकडे कोणी तेवढ्याच रकमेच्या कर्जासाठी आला तर काय होते? ताळेबंद मागविले जातात, पूर्वीच्या कर्जांची परतफेड तपासली जाते, तारणाचे मूल्यांकन होते, जामीनदार पाहिला जातो. दुसरीकडे, आपण स्वतः बँकेत ठेव ठेवतो तेव्हा तिला विम्याचे संरक्षण असते. ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदाराला प्रत्येक बँकेमागे पाच लाख रुपयांपर्यंत हे कवच मिळते. त्यापूर्वी ते एक लाखाचे होते. जहाज कंपनीला दिलेल्या आगाऊ रकमेला आपल्या देशात असे कोणतेही आपोआप लाभणारे कवच नाही. पर्यटन संस्थांना केंद्रीय पर्यटन मंत्रालयाकडून मिळणारी मान्यता ही ऐच्छिक आहे. ती असणे चांगले, पण ती ठेवविम्याची जागा घेऊ शकत नाही.

म्हणजे बँकेच्या खिडकीशी पै-पैचा हिशेब विचारणारा आपला ग्राहक गुळगुळीत कागदाच्या माहितीपत्रकापुढे मात्र सारे विसरतो आणि विनातारण कर्ज देऊन मोकळा होतो. हा विरोधाभास लक्षात आणून देणे, एवढाच या लेखाचा हेतू.

महाग म्हणजे भक्कम नव्हे

'कंपनी मोठी आहे, नाव जुने आहे, भाडे जबर आहे, तेव्हा पैसे बुडण्याची भीती नाही' असा एक सर्वसाधारण समज आढळतो. गेल्या काही वर्षांचा अनुभव या समजाला पुष्टी देत नाही.

मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये 'जलेश' या नावाने जलपर्यटन सुरू झाले. 'कर्णिका' हे तिचे जहाज लहान नव्हते. सुमारे दोन हजार प्रवाशांना सामावून घेणारे होते. भारतीय रुचीचे भोजन आणि भारतीय करमणूक यांमुळे तिचे कौतुकही झाले. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे फेऱ्या थांबल्या, त्याच वर्षी ऑक्टोबरात कंपनीने गाशा गुंडाळला आणि न्यायालयाच्या आदेशाने विकले गेलेले ते जहाज नोव्हेंबरात अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेले. उद्‌घाटनापासून अखेरपर्यंतचा काळ दोन वर्षांहूनही कमी.

परदेशातील उदाहरण पाहावयाचे तर 'क्रिस्टल' या ऐषारामी जहाज कंपनीचे पाहावे. १९८८ साली स्थापन झालेली आणि उत्तम सेवेसाठी वाखाणली गेलेली ही कंपनी. तिची मालक असलेली गेंटिंग हाँगकाँग ही संस्था जानेवारी २०२२ मध्ये डबघाईला आली. इंधनाचे पैसे थकल्यामुळे अमेरिकेतील न्यायालयाने 'क्रिस्टल सिंफनी' जहाजाच्या जप्तीचा हुकूम काढला. मायामीला परतावयाचे ते जहाज, प्रवासी पोटात असतानाच, बहामा बेटांकडे वळविले गेले आणि प्रवाशांना तेथून दुसऱ्या बोटीने फ्लोरिडाला आणावे लागले. पुढे नाव नव्या मालकांकडे गेले आणि २०२३ मध्ये जहाजे पुन्हा निघाली, हे खरे; पण मधल्या काळात पैसे भरून बसलेल्यांची झोप उडाली, हेही तितकेच खरे.

तिसरे उदाहरण आपल्या विषयाला सर्वांत जवळचे. बोस्टन शहरातील 'व्हँटेज' ही १९८३ पासूनची संस्था नदीवरील आणि लहान जहाजांवरील सहली काढीत असे. तिचा ग्राहकवर्ग प्रामुख्याने ज्येष्ठांचा होता. जून २०२३ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि आगाऊ रक्कम भरलेले हजारो ग्राहक हात चोळीत राहिले. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, तो असा.

जहाज विकले गेले तरी त्या पैशातून प्रवाशाला काय मिळते? आपल्या देशात २०१७ चा नौअधिकरण कायदा १ एप्रिल २०१८ पासून लागू आहे. त्यातील अग्रक्रमानुसार खलाशांचे वेतन, जीवितहानी वा दुखापतीची भरपाई, बंदराची देणी यांसारखे दावे आधी येतात. त्यानंतर नोंदणीकृत गहाणाचे, म्हणजेच कर्ज देणाऱ्या बँकेचे, येणे फेडले जाते आणि उरलेल्यात इतर सर्व दावेदार. खलाशाचा पगार आधी द्यावा हे न्याय्यच आहे. परंतु रांगेत आपण कोठे उभे आहोत, हे तिकीट काढणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. त्याची जागा शेवटची आहे.

लहानपणाला मिळणारी सूट

संतांनी लहानपणाचे गोडवे गायिले आहेत. कायदेही त्याला सवलती देतात. लहान जहाजाच्या प्रवाशाने ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेणाऱ्या जहाज कंपन्यांनी सफर न झाल्यास भाडे परत करण्याची आर्थिक तजवीज दाखवावी, असा नियम तेथील फेडरल मॅरिटाइम कमिशनकडून अमलात आणला जातो. मात्र तो पन्नास वा अधिक प्रवाशांच्या निजण्याची सोय असलेल्या जहाजांना लागू आहे. चाळीस प्रवाशांचे सुबक जहाज त्या कक्षेबाहेर राहते.

वैद्यकीय सेवेचेही तसेच. २००६ च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार शंभर वा अधिक माणसे घेऊन तीन दिवसांहून अधिक काळाच्या आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असणे बंधनकारक आहे. माणसे शंभरांहून कमी असतील तर प्रथमोपचाराचे वा वैद्यकीय शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेला कर्मचारी पुरतो. पुष्कळ लहान जहाज कंपन्या स्वेच्छेने डॉक्टर ठेवतात आणि त्यांचे अभिनंदन केले पाहिजे. परंतु 'एवढे भाडे घेतात, म्हणजे डॉक्टर असणारच' हा निव्वळ तर्क झाला. सत्तरीच्या, रक्तदाब-मधुमेहाची औषधे घेणाऱ्या प्रवाशाला तर्कावर विसंबून चालणार नाही. डॉक्टर आहे का, जवळचे रुग्णालय किती तासांवर आहे, प्रवाशाला उचलून किनाऱ्यावर नेण्याचा खर्च कोणाचा, हे प्रश्न लेखी विचारावेत. प्रवास विमा घेताना जुन्या आजारांचा उल्लेख विनासंकोच करावा, आणि तो आजार पॉलिसीत समाविष्ट आहे की वगळलेला, हे पॉलिसीच्या कागदावरच पाहावे.

सुरक्षेच्या बाबतीत मराठी माणसाची स्मृती तर फार जुनी आणि दुखरी आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. कोकणातील कित्येक घरांत त्या दिवसाची आठवण अजून काढली जाते. ऐषारामाने हा धोका संपत नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ 'कोस्टा कोंकोर्डिया' हे जहाज खडकावर आदळले आणि ३२ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी चढलेल्या अनेक प्रवाशांची संकटकालीन कवायत तोवर झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आवश्यक ठरले. पहिल्याच संध्याकाळी भोंगा वाजतो तेव्हा चहाचा पेला हाती घेऊन केबिनमध्ये बसून राहणाऱ्यांनी या ३२ जणांचे स्मरण करावे.

नदीचे आणि समुद्राचे वेळापत्रक

आता आपल्या घरच्या उदाहरणाकडे वळू. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून 'गंगा विलास' हे जहाज निघाले. ६२ मीटर लांब, १२ मीटर रुंद, १८ दालने आणि ३६ प्रवासी. वाराणसी ते दिब्रुगड हा बांगलादेशमार्गे सुमारे ३,२०० किलोमीटरांचा प्रवास ५१ दिवसांचा आखलेला होता. पहिल्या सफरीत स्वित्झर्लंडचे ३२ पर्यटक होते. माणशी भाडे दहा लाख रुपयांहून अधिक असल्याच्या बातम्या त्या वेळी वृत्तपत्रांतून आल्या होत्या.

सफर सुरू होऊन तीन दिवस झाले नाहीत तोच बिहारमधील छपराजवळ पाणी कमी असल्याने जहाज अडकल्याची बातमी पसरली. अंतर्देशीय जलमार्ग प्राधिकरणाने ती तत्काळ नाकारली. जहाज ठरल्या वेळी पाटण्यास पोहोचले असल्याचे प्राधिकरणाने सांगितले. चिरांद येथील प्राचीन अवशेष पाहण्यासाठी पर्यटकांना जहाजावरून लहान होड्यांनी काठावर नेण्यात आले होते. फेब्रुवारीअखेर ते जहाज दिब्रुगडला सुखरूप पोहोचले. अवघ्या १.४ मीटर पाण्यात तरणाऱ्या जहाजाविषयीही अशी वावडी उठू शकते, आणि ती क्षणभर खरी वाटू शकते, यातच नदीवरील प्रवासाचे मर्म आहे. नदी कोणाच्या वेळापत्रकाने वाहत नाही.

युरोपातही याहून निराळे नाही. २०१८ च्या शरदात आणि २०२२ च्या ऑगस्टात र्‍हाइन नदीचे पाणी एवढे उतरले की कित्येक नदीसफरींतील प्रवाशांना काही टप्पे बसने पार करावे लागले. सागरी सफरीत वाऱ्याचा जोर वाढला की लहान जहाज नियोजित बंदर टाळते. कप्तानाचा हा निर्णय सुरक्षेसाठी असतो आणि त्याबद्दल त्याच्याशी हुज्जत घालणे शहाणपणाचे नाही. प्रश्न कप्तानाला विचारावयाचा नसून, तिकीट विकणाऱ्याला विचारावयाचा आहे. मार्ग बदलला तर काय परत मिळेल? किती दिवस पाण्यावर काढता आले नाहीत म्हणजे सफर रद्द झाली असे धरले जाईल? त्याऐवजी पुढील सफरीचे पत्र देणार की रोख रक्कम? जहाज एकच असेल आणि त्यात बिघाड झाला तर पर्यायी व्यवस्था कोणती? दहा जहाजांची कंपनी एखादे जहाज इकडचे तिकडे फिरवू शकते. एका जहाजाच्या कंपनीचा सारा हंगाम एका इंजिनावर उभा असतो.

करारपत्र आणि कायदा

या प्रश्नांची उत्तरे करारपत्रात असतात, आणि करारपत्र बहुधा मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत छापलेले असते. 'कंपनी कोणत्याही कारणास्तव, कोणतीही भरपाई न देता मार्ग बदलू शकेल', 'वाद उद्‌भवल्यास तो अमुक परदेशी शहरातील न्यायालयातच चालेल' अशी वाक्ये त्यात सापडतात. ग्राहक ती वाचून हताश होतो, किंवा वाचतच नाही.

येथे बंगळूरच्या ग्राहकाला दिलासा देणारी एक गोष्ट सांगितली पाहिजे. २० जुलै २०२० पासून अमलात येऊ लागलेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो वा नोकरी-व्यवसाय करतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे तक्रार करण्याची मुभा दिली आहे. पूर्वी विक्रेत्याचे कार्यालय जेथे, तेथे धाव घ्यावी लागण्याचे प्रसंग येत. आज जयनगरात किंवा मल्लेश्वरमात राहणाऱ्याने मुंबई-दिल्लीच्या संस्थेकडून सहल घेतली तरी तो बंगळुरातच दाद मागू शकतो. मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, दोन कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग, अशी विभागणी आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. अवाजवी करार कशाला म्हणावे, याचीही व्याख्या या कायद्यात आहे. आणि कोठून सुरुवात करावी हे न उमगल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर विचारणा करता येते.

अर्थात ज्या कंपनीचा या देशात पत्ताच नाही, तिच्याविरुद्ध मिळालेला निकाल अमलात आणणे सोपे नाही. म्हणून थेट परदेशी कंपनीला पैसे पाठविण्यापूर्वी इथे तिचा जबाबदार प्रतिनिधी कोण, आणि पावती कोणाच्या नावाची मिळणार, हे पाहणे अगत्याचे ठरते.

बँक काय करू शकते

आपल्या शाखांतील सहकाऱ्यांना या कामी पुष्कळ मदत करता येईल. सहलीचे पैसे परदेशी पाठविण्यासाठी ग्राहक येतो तेव्हा त्याला उदारीकृत प्रेषण योजनेची मर्यादा सांगितली जाते. २००४ साली २५,००० डॉलरने सुरू झालेली ही मर्यादा आज प्रत्येक व्यक्तीमागे प्रत्येक आर्थिक वर्षासाठी २,५०,००० डॉलर आहे. परदेशी सहलीवर विक्रीच्या वेळीच गोळा होणाऱ्या कराचीही माहिती द्यावी. त्याचा दर अर्थसंकल्पांनी वेळोवेळी बदलला आहे, म्हणून तो त्या दिवशीचा पाहून सांगावा. ही रक्कम वाया जात नाही. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तिचे श्रेय घेता येते. अनेक ज्येष्ठ ग्राहकांना हे ठाऊक नसते.

त्याच भेटीत आणखी दोन वाक्ये बोलण्यास वेळ लागत नाही. पहिले असे की सारी रक्कम एकदम भरण्याचा आग्रह होत असेल आणि त्यासाठी मोठी सूट दाखविली जात असेल, तर थोडे थांबावे. अनामत आता आणि उरलेली रक्कम सफरीच्या दोन-तीन महिने आधी, अशी रीत बहुतेक ठिकाणी असते. आपली रक्कम जेवढा कमी काळ दुसऱ्याच्या हाती, तेवढी जोखीम कमी. दुसरे असे की शक्य असेल तेथे क्रेडिट कार्डाने भरणा करावा. विकत घेतलेली सेवा मिळालीच नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेमार्फत हरकत नोंदविण्याची सोय असते. तिला व्यवहारात चार्जबॅक म्हणतात. ती मुदतीत करावी लागते, पावत्या व पत्रव्यवहार जोडावा लागतो आणि यशाची हमी नसते. तरीही परस्पर पाठविलेल्या रकमेपेक्षा ही वाट बरी. भाडे डॉलर वा युरोत असेल तर अनामत आणि अंतिम रक्कम यांमधील काळात विनिमय दर हलेल, हेही ग्राहकाने अंदाजपत्रकात धरावे.

प्रश्न हा अपमान नव्हे

एक आक्षेप येथे संभवतो. इतके प्रश्न विचारावयाचे तर प्रवासाचा आनंद तो काय राहिला? शिवाय लहान कंपन्यांना ग्राहकांच्या आगाऊ रकमेखेरीज हंगामाची तयारी करता येत नाही. इंधन, शिधा, बंदरशुल्क, खलाशांचे पगार आधी द्यावे लागतात. संशयाने पाहिले तर प्रामाणिक संस्थांवर अन्याय होईल.

या आक्षेपात तथ्य आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. कंपनीला आगाऊ रकमेची गरज आहे, याचाच अर्थ प्रवासी हा तिच्या भांडवलाचा भागीदार आहे. आणि भांडवल पुरविणाऱ्याला माहिती मिळण्याचा अधिकार असतो. युरोपीय संघाने २०१५ च्या आपल्या निर्देशाने पॅकेज सहली विकणाऱ्यांवर दिवाळखोरीपासून ग्राहकांचे पैसे सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी टाकली. त्यामुळे तेथील पर्यटन व्यवसाय बुडाला नाही. आपल्याकडेही ग्राहकांची अनामत सफर होईपर्यंत वेगळ्या खात्यात ठेवण्याची, किंवा तिच्यापोटी बँक हमी वा विमा घेण्याची प्रथा पडली, तर प्रामाणिक आणि बेफिकीर यांतील फरक ग्राहकाला उघड दिसेल. त्याचा सर्वाधिक लाभ प्रामाणिक संस्थेलाच होईल. हे बंधन सरकारने घालावे असे आमचे मत आहे. ते येईपर्यंत चांगल्या कंपन्यांनी ते स्वतःहून स्वीकारावे आणि अभिमानाने आपल्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर छापावे.

तोवर ग्राहकाच्या हाती एकच साधन आहे, आणि ते म्हणजे लेखी प्रश्न. माझे पैसे सफर होईपर्यंत कोणत्या स्वरूपात सुरक्षित आहेत? सफर रद्द झाल्यास किती दिवसांत आणि रोख परत मिळतील का? मार्ग बदलल्यास भरपाई कोणती? जहाजावर डॉक्टर आहे का? जहाजाचे सर्वेक्षण प्रमाणपत्र व विमा चालू आहे का? उद्‍वाहक आहे का, आणि किनाऱ्यावर कसे उतरविणार? भाड्यात काय धरलेले नाही? या सात प्रश्नांचे पत्र टाकावे आणि उत्तर जपून ठेवावे. तोंडी आश्वासनाला आयोगापुढे किंमत नसते, पत्राला असते.

या पत्राला जी कंपनी आठवड्याभरात, मुद्देसूद आणि सहीनिशी उत्तर देईल, तिच्याकडे निश्चिंतपणे जावे. जी 'आमच्यावर विश्वास नाही का?' असे विचारील, तिला नम्रपणे नकार द्यावा. विश्वास आहे म्हणूनच आपण आयुष्याच्या बचतीतला हिस्सा पुढे करीत असतो. कर्ज मागावयास आलेल्या व्यक्तीला बँक प्रश्न विचारते, तेव्हा तो तिचा अपमान करीत नाही. त्यामागे ठेवीदारांच्या पैशांची काळजी असते. आपल्या स्वतःच्या पैशांच्या बाबतीत तेवढी काळजी घेण्यास आपण लाजू नये.